‘पुस्तक नाही’ म्हटल्यावर पुढे काय?

प्रश्न: राज्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. देवघेव, संदर्भ आणि वाचनकक्ष असा वाचक सेवेचा सगळा पदभार माझ्याकडे आलाय. पुस्तकं भरपूर आहेत, ओपॅक (संगणकावरची पुस्तकसूची) आहे, ई-जर्नल्स आहेत, तरी विद्यार्थी म्हणतात ‘इथं काही मिळत नाही’. अभ्यासिका मात्र सकाळी सातलाच भरते. माणसं कमी, रांगा मोठ्या. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

‘इथं काही मिळत नाही’ हे वाक्य मनाला लावून घेऊ नका, पण लिहून मात्र घ्या. देवघेव काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवा. वाचक रिकाम्या हाताने परत गेला की एक ओळ लिहायची. तारीख, त्याने काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत, ओपॅक काय दाखवत होता, आणि शेवटचा रकाना मोकळा. तो तुम्ही संध्याकाळी भरायचा: खरं कारण काय निघालं. वाचकाचं नाव नको, काउंटरवर कोण बसलं होतं तेही नको. हे कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगा, नाहीतर आठवड्याभरात वही कोरी राहायला लागेल. संगणकावर फॉर्म बनवण्याचा मोह होईल, तो सध्या आवरा. साडेअकराला रांग दारापर्यंत गेलेली असताना कुणी फॉर्म भरत बसत नाही. पेनाने एक ओळ खरडता येते.

वहीपासूनच का, तर आपल्याकडे मोजमाप होतं ते दिलेल्या पुस्तकांचं. वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा, वाचनकक्षात आलेल्यांचा आकडा, डाउनलोडचा आकडा. नॅकच्या (संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलला तेच लागतं. न दिलेल्या पुस्तकाला कुठल्याच अहवालात रकाना नाही, आणि वाचकाचं ग्रंथालयाबद्दलचं मत नेमकं तिथं तयार होतं. रंगनाथनांची १९३१ सालची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आपण सगळ्यांनीच परीक्षेत लिहिली आहेत. चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं. काउंटरवर बसल्यावर त्याचा अर्थ एवढाच उरतो, की ‘नाही’ म्हणायचंच असेल तर ते लवकर आणि खरं म्हणा.

वही दोन-तीन आठवडे नेटाने चालली की दिसेल, ‘नाही’ची कारणं पाच-सहाच आहेत आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. त्यातल्या बहुतेकांना नवं बजेट लागत नाही.

सगळ्यात मोठा ढीग बहुधा या नोंदींचा असेल: ओपॅकवर ‘उपलब्ध’, रॅकवर पत्ता नाही. विद्यार्थी वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा आकडा) लिहून घेतो, स्टॅकमध्ये (रॅकांच्या दालनात) जातो, वीस मिनिटांनी परत येतो. मामा, म्हणजे आपले जुने परिचर, म्हणतात, “असेल तिथंच, नीट बघ.” तो पुन्हा जातो. तिसऱ्यांदा तो येत नाही, आणि त्यानंतर वर्षभर येत नाही. पुस्तक बहुतेक वेळा चोरीला गेलेलं नसतं. ते परतीच्या ट्रॉलीवर चार दिवस पडून असतं, कारण संगणकावर परत घेतलं त्या क्षणी ते ‘उपलब्ध’ झालं आणि रॅकपर्यंत पोचवणारा माणूस रजेवर. किंवा बांधणीच्या गठ्ठ्यात बाहेर गेलेलं असतं, यादी बाइंडरकडे आणि आवक-जावक नोंदीत असते, पण ओपॅकला कुणी कळवलेलं नसतं. परीक्षेच्या दिवसांत एखादा हुशार विद्यार्थी हवं ते पुस्तक भूगर्भशास्त्राच्या रांगेमागे दडवूनही ठेवतो. आणि बरीचशी पुस्तकं नुसती चुकीच्या जागी लागलेली असतात.

ही चुकीची जागा कशी लागते ते एकदा ट्रॉलीबरोबर फिरून पाहाच. विषयवार वर्गीकरणाच्या ड्युई पद्धतीचे आकडे दशांशाचे आहेत, पण ते कसे लावायचे हे परिचरांना बहुतेक ठिकाणी कुणी बसून शिकवलेलं नसतं. ३३८.०९५४ हा आकडा लांबलचक दिसतो म्हणून ते पुस्तक ३३८.९ च्याही पुढे जातं. खरं तर ते ३३८.१ च्या आधी यायला हवं. एकदा असं लागलं की शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते हरवल्यातच जमा. दहा मिनिटांचा पाठ आहे हा: टिंबापर्यंतचा आकडा आधी जुळवायचा, मग टिंबानंतरचा एकेक अंक. शून्य आधी, एक नंतर, लांबीकडे बघायचं नाही. पंधरा-वीस जुनी पुस्तकं टेबलावर टाका आणि परिचरांकडून लावून घ्या. ज्येष्ठ मामांना ‘प्रशिक्षण’ म्हटलेलं आवडत नाही, तेव्हा नव्या पोरांना शिकवायचंय, तुम्ही सोबत बसा, असं सांगा. ते बसतात, आणि पुढे तेच सगळ्यात कडक तपासतात.

मग रॅक वाटून द्या. अमुक रॅक अमुक माणसाची, रोज ग्रंथालय उघडल्यावरचा पहिला अर्धा तास रांग नीट करायचा. माणसं कमी असतील तर ‘कमवा व शिका’ योजनेतली मुलं मागा. त्यांना बहुतेक ठिकाणी लेबलं चिकटवायला आणि धूळ झटकायला लावतात. शेल्व्हिंग (पुस्तकं जागेवर लावणं) द्या, मुलं ते उत्तम करतात आणि त्यांच्या मित्रमंडळींना पुस्तकं कुठं असतात तेही कळतं. तुमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल तर परत आलेलं पुस्तक काही काळ ‘ट्रॉलीवर’ असं दाखवायची सोय त्यात आहे, बांधणीला गेलेल्याला तशी खूण करता येते. एवढं केलं तरी वहीतल्या ओळी उतरतात.

इथंच मुक्त प्रवेशाचा मुद्दा निघतो. काही ठिकाणी स्टॅकला कुलूप असतं आणि वाचकाने चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायचं असतं. कारण विचारलं तर उत्तर एकच: पुस्तकं गेली तर पगारातून कापतील. ही भीती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि तिच्यापायी कित्येक चांगले संग्रह कुलपात म्हातारे झाले. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतला (२०१७) नियम २१५ छापून जवळ ठेवा. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांपर्यंतची तूट वाजवी समजावी, असं तो सांगतो. अट एवढीच, की ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी. हजार रुपयांवरचा किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी करायचीच. मोठ्या संग्रहाची साठा पडताळणीही त्यात दरवर्षी शंभर टक्के सांगितलेली नाही: पन्नास हजारांवर ग्रंथ असतील तर जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने नमुना पडताळणी. राज्य विद्यापीठांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही, पण ग्रंथालय समितीपुढे आधार म्हणून तो भक्कम आहे. समितीचा असा एक ठराव झाला की काउंटरवरच्या माणसाचा आवाजसुद्धा बदलतो.

दुसरा ढीग: पुस्तक बाहेर गेलंय. विद्यार्थ्याकडे असेल तर प्रश्न तारखेचा. तो माणूस पुढच्या मंगळवारी परत करणार आहे, हे पडद्यावर दिसत असताना आपण ‘नाहीये’ म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्याऐवजी “बाहेर गेलंय, बारा तारखेला यायचंय, तुझं नाव लावून ठेवू का?” एवढं वाक्य कर्मचाऱ्यांच्या तोंडात बसवा. आरक्षणाची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि बहुतेक ठिकाणी ती बंद ठेवलेली असते. चालू करा. आरक्षण असलेल्या पुस्तकाचं नूतनीकरण होणार नाही, हा नियम मग आपोआप पटतो.

पुस्तक प्राध्यापकांकडे असेल तर प्रकरण नाजूक. एखाद्या सरांच्या नावावर तीस-चाळीस पुस्तकं कित्येक वर्षं असतात. त्यातली निम्मी त्यांच्या विभागातल्या कपाटात, काही निवृत्त सहकाऱ्याच्या घरी. नोटीस पाठवली तर तो अपमान ठरतो. चालतं ते असं: सरसकट यादी कधीच पाठवायची नाही. वहीत ज्या पुस्तकाची मागणी आली आहे तेवढ्या एकाच पुस्तकाबद्दल फोन करायचा. “सर, तुमच्याकडे आहे ते पुस्तक एम.ए. भाग दोनच्या एका मुलीला हवंय, दहा दिवसांत परत तुमच्याकडे पाठवते.” आपल्या विषयाच्या विद्यार्थ्याला पुस्तक हवंय म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट अशा फोनवरून कपाटातली आणखी चार पुस्तकं बाहेर येतात.

दंडाबद्दल माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही, तरी सांगते. दंडाने पुस्तक वेळेवर येतं ते पहिल्या आठवड्यापुरतं. एकदा रक्कम शंभरावर गेली की मुलगा पुस्तक घेऊन येतच नाही, तो थेट ना-देय दाखल्याच्या दिवशी येतो. दंडाला पुस्तकाच्या किमतीच्या आत कुठं तरी कमाल मर्यादा हवी, आणि वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या सुट्टीनंतर, बिनदंड परतीचा आठवडा हवा. लेखा विभाग कुरकुर करतो. त्यांना हरवलेल्या पुस्तकांची किंमत दाखवा.

आता ज्या ‘नाही’बद्दल आपल्या व्यवसायात सगळ्यात कमी बोललं जातं, ते. पुस्तक आहे, रॅकवर आहे, पण शोधल्यावर सापडत नाही. मराठी पुस्तकांचं हे रोजचं दुखणं आहे. संगणकीकरण झालं तेव्हा अनेक ग्रंथालयांनी मराठी शीर्षकं रोमन लिपीत टाकली. ‘ज्ञ’ कुणी डी-एन-वाय लिहिला, कुणी जे-एन, कुणी जी-वाय. ‘लक्ष्मण’ एक्सने की के-एस-एचने, हे त्या दिवशी डेटा एंट्रीला कोण बसलं होतं त्यावर. पुढे काहींनी देवनागरीत नोंदी केल्या, पण जुन्या फाँटमध्ये, आणि सॉफ्टवेअर बदलताना त्याची अक्षरं अगम्य झाली. युनिकोड आल्यावर सगळं सुटलं असं वाटतं, पण ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द टाकून पाहा. त्यातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द. विद्यार्थ्याने मोबाइलवर एका प्रकारे टाइप केलं आणि तुमच्या नोंदीत दुसरा प्रकार असेल तर पडद्यावर शून्य. शीर्षकात ‘शेतकऱ्यांचा’ असलेली पुस्तकं मराठीत काही कमी नाहीत!

सगळ्या नोंदी दुरुस्त करायला एक जन्म पुरणार नाही. म्हणून वहीत जे शीर्षक येईल तेवढंच त्या आठवड्यात दुरुस्त करायचं. देवनागरी शीर्षक, आणि मार्क या संगणकीय नोंदीच्या नमुन्यातल्या २४६ क्रमांकाच्या फील्डमध्ये त्याची पर्यायी रूपं. मागणी असलेली पुस्तकं आधी सापडायला लागतात, बाकीची वाट बघू शकतात. काउंटरवर एक कागद चिकटवा: शीर्षकाने नाही मिळालं तर लेखकाच्या आडनावाने, तेही नाही तर शीर्षकातल्या सगळ्यात साध्या, जोडाक्षर नसलेल्या शब्दाने शोधा. जुन्या मराठी पुस्तकाच्या नावाबद्दलच शंका असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी हवी. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशी तिची दोन पर्वं आहेत. नव्या मुलांनी तिला हातही लावलेला नसतो. विद्यार्थ्याने ऐकीव नाव आणलेलं असतं, खरं शीर्षक भलतंच असतं. दात्यांनी ते नोंदवलेलं असण्याची शक्यता दांडगी.

मग येतो संदर्भ विभाग, आणि इथं जरा थांबते, कारण वाचक सेवेतली कसोटी इथं आहे. समजा, एम.ए. अर्थशास्त्राची एक मुलगी येते आणि विचारते, “शेतीवर काही आहे का?” मामा प्रामाणिकपणे सांगतात, “६३० ला जा,” म्हणजे शेतीच्या रॅककडे. ती जाते आणि तिला मृदाशास्त्र, कीटकनाशकं, डाळिंबावरचे रोग सापडतात. ती परत येऊन म्हणते, “नाही मिळालं.” कुणाचंच चुकलेलं नाही, फक्त कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

दुसरा प्रश्न कसा विचारायचा यालाही रीत आहे. “कशाला हवंय?” म्हटलं की मुलं आक्रसतात, चौकशी चालल्यासारखं वाटतं. “विषय काय घेतलायस?” किंवा “काय लिहितेयस सध्या?” म्हटलं की बोलतात. मग कळतं, तिला तासगाव तालुक्यातल्या पिकांमध्ये काय बदल झाला ते हवंय, आणि मॅडमनी सांगितलंय की शक्य तितकं मागे जा. आता ही वेगळीच मागणी झाली, आणि हिच्यासाठी पुस्तकाच्या रॅककडे जायचंच नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं सांगली जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’, १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना, जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिका. त्याच्या मागे जायचं तर मुलगी अडणार, कारण ‘सांगली जिल्हा’ म्हणून काहीच सापडत नाही. सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० चं. त्याआधी १९४९ पासून तो दक्षिण सातारा होता, आणि त्याच्याही आधी तासगाव हा साताऱ्याचा तालुका. म्हणजे १९५१ ची जनगणना दक्षिण सातारा म्हणून मागायची आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये १८८५ चा साताऱ्याचा खंड काढायचा. हे सगळं तुमच्याच ग्रंथालयात, बहुधा तळमजल्यावरच्या शासकीय प्रकाशनांच्या कोपऱ्यात असतं. नसलंच तर गॅझेटिअरचे खंड स्कॅन होऊन आंतरजालावर आलेले आहेत.

हे उत्तर दिल्यावर ते लिहून ठेवा. प्रश्न, कुठं कुठं पाहिलं, कुठं मिळालं, एवढ्या चार ओळी. तालुक्याची जुनी आकडेवारी मागणारी ही काही शेवटची मुलगी नाही, आणि पुढच्या वेळी त्या खुर्चीत तुम्ही नसाल. जिल्ह्यांची नावं आणि हद्दी कधी बदलल्या याचा एक तक्ता तर करूनच ठेवा. जालना १९८१, लातूर १९८२, नंदुरबार १९९८, पालघर २०१४, असा. संशोधक विद्यार्थ्यांच्या कितीतरी ‘नाही’ त्या एका कागदाने मिटतात.

ई-साधनांचं ‘नाही’ वहीत येतच नाही, कारण ते काउंटरपर्यंत पोचत नाही. विद्यार्थी गूगलवर लेख शोधतो, प्रकाशकाच्या पानावर डॉलरमधली किंमत दिसते, तो खिडकी बंद करतो. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू आहे. तीस प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं शासकीय उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली, केंद्राने तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले, समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे. जो लेख विद्यार्थी पैशांअभावी सोडून देतोय तो बऱ्याचदा आपण आधीच घेतलेला असतो. हे सांगायला सभागृहातला ‘वाचक उद्बोधन’ कार्यक्रम फारसा उपयोगी नाही, पहिल्या आठवड्यात दोनशे मुलांना दाखवलेल्या स्लाइड्स नवव्या आठवड्यात कुणाला आठवत नाहीत. ज्या दिवशी गाइडने ‘दहा पेपर वाचून या’ म्हटलं त्या दिवशी मुलगा शिकतो. म्हणून विभागांच्या वेळापत्रकातून प्रबंधिकेचा विषय ठरायचा आठवडा शोधा आणि त्याच आठवड्यात त्यांच्या वर्गात जा, अर्धा तास पुरतो. त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्याच विषयाचा एक लेख उघडून द्या. घरून वापरायचं असेल तर इन्फेडसारखं लॉगिन लागतं, ते तिथल्या तिथं करून द्या. ‘ईमेल करा, मग मिळेल’ म्हटलं की संपलं.

पीएच.डी.वाल्यांची साम्य तपासणीची (प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, याची) रांगही आता आपल्याच दारात असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडनीय नाही. दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर असे पुढचे टप्पे आहेत. अवतरणं, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण शब्दसमूह वगळायचे असतात. बहुतेक भांडणं हे वगळणं नीट न केल्यामुळे होतात. मराठी प्रबंधांच्या बाबतीत उलटी गंमत: जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलचं साम्य शून्य येतं आणि विद्यार्थी खूश होतो. सॉफ्टवेअरने वाचलेलं असतं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. अशी फाइल परत पाठवा, युनिकोडमध्ये आणायला सांगा. नंतर शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढल्यावर तिच्यातला एक शब्द तरी कुणाला शोधून सापडावा. आणि मसुद्याची तपासणी एकदा आधी करून देता का, असं कुणी विचारलं तर करून द्या. शेवटच्या आठवड्यातली रडारड वाचते.

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांबद्दल थोडक्यात. ‘आमच्याकडे ब्रेल नाही’ हे उत्तर आता चालत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रत तयार करायची मुभा आली आहे, आणि अंध वाचकांसाठीचा मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. पुस्तक स्कॅन करायचं, ओसीआर करायचं (चित्रातली अक्षरं मजकुरात आणायची), फाइल द्यायची. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, एका संगणकावर आजच टाका. मराठी ओसीआरमध्ये चुका राहतात, त्या तपासायला पुन्हा ‘कमवा व शिका’ची मुलं.

झेरॉक्सबद्दल काउंटरवर उगाच घाबरलेले नियम असतात, ‘दहा पानांच्या वर नाही’ वगैरे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा खटला वाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठीच्या प्रतींना पानांची ठरावीक मर्यादा घातली नाही, हेतू आणि गरज पाहायला सांगितलं. अख्खं क्रमिक पुस्तक छापून विकायला हा परवाना नाही, हेही सांगा.

अभ्यासिका. इथं तुमच्यावर सगळ्यात जास्त ओरड होणार आहे. सकाळी सातला येऊन बसणारी मुलं बहुतांशी एमपीएससी, यूपीएससी, नेट-सेटची. त्यांना आपला संग्रह नको असतो. खुर्ची, दिवा, पंखा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि शांतता हवी असते. काही सहकारी त्यांच्याकडे घुसखोर म्हणून बघतात. मला ते पटत नाही, खोलीत आठ जण राहणाऱ्या मुलाला दुसरी जागा कुठली? पण संदर्भग्रंथ उघडून बसायला टेबल न मिळालेला एम.फार्म.चा विद्यार्थी परत जातो, तेही बरोबर नाही. जमलं तर अभ्यासिकेला वेगळं दार आणि वेगळी वेळ द्या, आणि स्टॅकलगतची टेबलं ग्रंथालयाचं साहित्य वापरणाऱ्यांसाठी राखा. बॅग ठेवून जागा अडवण्यावर एकच उपाय टिकलेला पाहिला आहे: उठून जाताना टेबलावर वेळ लिहिलेलं कार्ड ठेवायचं, पाऊण तासाने सामान प्रॉपर्टी काउंटरला. हा नियम तुम्ही लावू नका, तिथं बसणाऱ्यांच्याच चार प्रतिनिधींना लावू द्या. ते तुमच्यापेक्षा निष्ठुर असतात. आणि वेळ वाढवायची मागणी आली, रात्री अकरा, बारा, तर आधी मुलींच्या वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं ते विचारा. ते साडेनऊला बंद होत असेल तर वाढीव वेळ फक्त मुलांसाठीच झाली. कुलसचिवांकडे दोन्ही वेळांचं एकच पत्र न्या.

उरतं ते खरोखरच आपल्याकडे नसलेलं पुस्तक. वहीतल्या सगळ्या ‘नाही’मध्ये हा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान निघेल. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्यत्व असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवा. जुनं मराठी असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, किंवा मुंबईच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत जिथं जायला हवी त्या चार ग्रंथालयांपैकी ते एक. विद्यार्थ्याला नुसता पत्ता सांगू नका. तुमच्या सहीचं ओळखपत्र द्या, आणि आधी फोन करून पुस्तक जागेवर आहे का ते विचारा, सोलापूरहून मुंबईला जाऊन हात हलवत परत यायला लागू नये.

आणि खरेदीसाठी: विभागांकडून मागणीपत्रं येतात ती बहुधा प्रकाशकाच्या कॅटलॉगवर खुणा केलेली. त्या बैठकीच्या आधी वहीतून ‘आपल्याकडे नाही’ एवढ्याच ओळी विभागवार उतरवून काढा आणि प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या विषयाचं एक पान पाठवा. वर शेरा नको, विनंती नको. शीर्षक, आणि किती वेळा मागितलं, एवढे दोनच रकाने.